अंबरनाथच्या शिवमंदिराचं वय त्याच्या दारावर लिहिलंय

महाराष्ट्रात जुनं दगडी देऊळ दिसलं की दोनच उत्तरं ठरलेली असतात. "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" किंवा "हेमाडपंती आहे." अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल ही दोन्ही उत्तरं रोज ऐकू येतात. खरं म्हणजे या देवळाला अशा अंदाजांची गरजच नाही, कारण आपलं वय त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. मंडपाच्या उत्तर दारातून आत यावं आणि मागे वळून दारावरच्या तुळईकडे पाहावं. तिथे नागरी अक्षरांत कोरलेला संस्कृत लेख आहे. त्यात शके ९८२ हे वर्ष आहे आणि महामंडलेश्वर, म्हणजे मोठा मांडलिक राजा, माम्वाणिराजाचं नाव आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन १०६० येतं. (शकाची तारीख पौष ते फाल्गुन यांतली असेल तर बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.)

सन कोरलेली मध्ययुगीन देवळं आपल्याकडे थोडी आहेत. बहुतेकांचं वय खांबांच्या घडणीवरून आणि मूर्तींच्या दागिन्यांवरून ठरवावं लागतं, आणि त्यात पन्नास-शंभर वर्षं इकडे-तिकडे सहज होतात. अंबरनाथचा सन नक्की असल्यामुळे बाकीच्या देवळांचं वय ठरवताना हे देऊळ मापाची काठी म्हणून वापरता येतं. त्याचं खरं मोल यात आहे.

हा सनसुद्धा सुखासुखी हाती लागलेला नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी लेख प्रथम वाचला तेव्हा त्यांना आकडा ७८२ वाटला. म्हणजे इ. स. ८६०, दोनशे वर्षं आधीचं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा दुरुस्त केला. झिजलेल्या बेसॉल्टवर सगळा हिशेब एका शेंड्याच्या वळणावर असतो. अशा वेळी नुसतं अक्षर बघून भागत नाही, लेखातला राजा त्या सालात बसतो का हेही तपासावं लागतं. कान्हेरीच्या लेण्यांत उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या कपर्दी राजाच्या काळातले शके ७७५ आणि ७९९ चे लेख आहेत. म्हणजे शके ७८२ मध्ये उत्तर कोकणात माम्वाणि नावाचा राजा असूच शकत नाही. शके ९८२ मध्ये मात्र तो तिथे नेमका बसतो. जुना लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी : आकडा, राजा आणि अक्षराची घडण या तिघांची साक्ष जुळली तरच सन मान्य करायचा.

माम्वाणि म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला मुम्मुणी. या घराण्याचं राज्य आजच्या ठाणे, मुंबई, रायगड पट्ट्यावर होतं आणि ठाण्याला, म्हणजे त्यांच्या श्रीस्थानकाला, मोठं महत्त्व होतं. स्वतःला ते तगरपूरचे स्वामी म्हणवून घेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणाऱ्या जीमूतवाहनाचे आपण वंशज, असं ते मानत. त्यांच्या मुद्रेवर गरुड आहे तो त्यामुळे. झंझ नावाच्या त्यांच्या पूर्वजाने शिवाची बारा देवळं बांधली असंही त्यांच्या ताम्रपटांत येतं. शिवाचं देऊळ बांधणं ही या घराण्याची जुनी रीतच होती.

अंबरनाथच्या लेखात मुम्मुणीबरोबर त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचंही नाव येतं, छित्तराजाच्या 'भवना'च्या संदर्भात. छित्तराजाचा भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. त्यावरून त्याचा काळ कळतो. देवळाचं काम छित्तराजाच्या वेळी सुरू झालं आणि मधला भाऊ नागार्जुन याची कारकीर्द ओलांडून मुम्मुणीच्या वेळी पूर्ण झालं, असं अभ्यासक साधारणपणे मानतात. तीन भावांच्या राज्यात मिळून एक देऊळ. ही घडण पाहिली की तेवढा वेळ लागला असणारच असं वाटतं.

इथे एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवेआगरचा मराठी ताम्रपटही याच शके ९८२ मधला आहे. दिवेआगर याच शिलाहारांच्या मुलखात. म्हणजे ज्या वर्षी अंबरनाथच्या दारावर संस्कृतात लेख कोरला गेला, त्याच वर्षी किनाऱ्यावरच्या एका गावात तांब्यावर मराठी लिहिली जात होती.

आता हेमाडपंताचं. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादवाची कारकीर्द इ. स. १२६० ते १२७१, त्यानंतर रामचंद्रदेव. अंबरनाथच्या देवळाला तेव्हा दोनशे वर्षं होऊन गेली होती. पण चूक फक्त काळाची नाही. याच महादेव यादवाने कोकणावर स्वारी करून शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याला संपवलं. सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल, म्हणजे समुद्रातली आग, परवडला, असं वर्णन हेमाद्रीच्याच ग्रंथातल्या यादवांच्या प्रशस्तीत आहे. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर कोरलेली जहाजांची लढाई याच युद्धाची असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तेव्हा या देवळाला हेमाडपंती म्हणणं म्हणजे ज्या दरबाराने बांधणाऱ्यांचं राज्य बुडवलं, त्याच दरबाराच्या मंत्र्याचं नाव बांधणाऱ्यांच्या कामाला देणं. फलक लिहिणाऱ्यांनी आणि माहिती सांगणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

'हेमाडपंती' हा शब्द लोकांच्या तोंडी बसलाय तो चुना न वापरता, दगडावर दगड बसवून केलेल्या बांधकामासाठी. ही पद्धत हेमाद्रीच्या कितीतरी आधीची आहे. त्यामुळे शैली सांगायची असेल तर त्या शब्दाचा काही उपयोग नाही. अंबरनाथची शैली 'भूमिज'. भोज परमाराच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांचं, म्हणजे देवळांचं, वर्णन येतं. भोजाचा काळही हाच, अकरावं शतक.

भूमिज शिखर ओळखायला सोपं आहे, एकदा काय बघायचं ते कळलं की झालं. शिखराच्या चारही बाजूंच्या मधोमध खालून वर जाणारा एकेक रुंद पट्टा असतो, जाळीसारख्या गवाक्षांनी भरलेला. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या कोपऱ्यात लहान लहान शिखरांच्या उभ्या माळा असतात. प्रत्येक लहान शिखर एका आखूड खांबावर उभं असतं, म्हणून त्याला कूटस्तंभ म्हणतात. या लहान शिखरांची एक आडवी रांग म्हणजे एक भूमी. वर जावं तसा प्रत्येक भूमीचा आकार ठरलेल्या प्रमाणात कमी होत जातो. उत्तरेकडच्या बऱ्याच देवळांत मुख्य शिखराला अर्धी शिखरं टेकवल्यासारखी चिकटलेली असतात. तसं इथे काही नाही. फरक डोळ्यात बसवायचा असेल तर अंबरनाथ पाहिल्यावर सिन्नरचं गोंदेश्वर पाहावं. तिथे शिखर चांगलं शाबूत आहे, आणि अंबरनाथचा जो भाग पडलाय तो कसा असेल याची कल्पना येते. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर देऊळही याच अकराव्या शतकातलं आणि याच शैलीतलं.

अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. खालच्या काही भूमी, त्यांच्यावरचे कूटस्तंभ आणि लतांचा खालचा भाग उरलाय. गाभाऱ्यात उभं राहून वर पाहिलं तर आकाश दिसतं. पांडवांना रात्र अपुरी पडली म्हणून छप्पर राहिलं, ही गोष्ट या उघड्या माथ्यामुळेच रुजली असावी.

देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. पश्चिमेच्या दारासमोर नंदी आहे. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंना मुखमंडप आहेत आणि पूर्वेला गाभारा. मंडप आतून साधारण २३ फूट लांब-रुंद, गाभारा साधारण साडेतेरा फूट. बाहेरून या दोन चौकोनांच्या भिंती इतक्या खोबणींनी मोडलेल्या आहेत की सरळ भिंत अशी फारशी दिसतच नाही. प्रत्येक बाजूचा मधला पुढे आलेला भाग म्हणजे भद्र. त्याच्या दोन्ही अंगांना पायरी-पायरीने मागे जाणारे कोन. हे पुढेमागे येणं निव्वळ सजावट नाही. शिखरावरच्या उभ्या माळा ज्या जागी चढतात, त्यांची मुळं भिंतीतल्या याच कोनांत असतात. एखाद्या कोनावर बोट ठेवून वर नजर नेली की तो कोन कुठल्या कूटस्तंभांच्या माळेत जातो ते दिसतं. आराखडा जोत्यावर आखला तेव्हाच शिखर ठरलेलं होतं.

बाहेरून पाहताना बहुतेक जण थेट मोठ्या मूर्तींकडे जातात. माझं सांगणं असं की आधी गुडघ्याच्या उंचीवरून सुरुवात करावी. खालचे थर हे देवळाचं जोतं. त्यात गोलसर कणी, खाचा, कीर्तिमुखांची पट्टी, हत्तींचा थर म्हणजे गजथर, माणसांचा थर म्हणजे नरथर असे थर येतात. हे थर भिंतीच्या प्रत्येक खोबणीबरोबर आतबाहेर वळतात, म्हणजे पाथरवटाने प्रत्येक कोपऱ्याचा दगड आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा जुळवून घडवलाय. एक कोपरा अर्ध्या इंचाने चुकला असता तर त्याच्यावरचे सगळे थर चुकले असते. त्याच्या वर भिंतीचा मुख्य पट्टा, जंघा. इथे देव, दिक्पाल, सुरसुंदरी उभ्या आहेत. नटेश, गजासुराला मारणारा शिव, चामुंडा, ब्रह्मदेव, शिवपार्वती आणि अनेक मुखांच्या संयुक्त मूर्ती. संयुक्त मूर्ती ओळखायची असेल तर मुखं मोजण्याआधी हातांतली आयुधं पाहावीत. कमळं असतील तर सूर्य, अक्षमाला आणि कमंडलू असतील तर ब्रह्मदेव, शंख-चक्र असेल तर विष्णू, त्रिशूळ आणि नाग असेल तर शिव. हात मोडलेले असतील तर पायाशी वाहन शोधावं : हंस, गरुड, नंदी, घोडे.

मंडपात चार खांब आहेत. खालपासून वरपर्यंत कोरलेले, तरीही अजिबात बोजड न वाटणारे. ते तिथे का आहेत हे समजलं तर सगळा मंडप समजतो. बेसॉल्ट दाबाला प्रचंड टिकतो, पण ताणाला कच्चा. दगडाची तुळई दोन टोकांवर ठेवली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि लांबी वाढली की ती मधोमध तडकते. वजनही असतंच. दहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट जाड बेसॉल्टची तुळई जवळपास १.८ टन भरते. २३ फुटांचं अंतर एका दगडात झाकणं अशक्य. म्हणून मध्ये चार खांब घेतले, त्यांच्यावर कीचक (तुळई पेलणाऱ्या कोरीव आकृती) आणि आधाराचे हात देऊन तुळईचा मोकळा पल्ला आणखी कमी केला आणि मधल्या चौकोनावर घुमट चढवला.

हा घुमट कमानीचा नाही. आधी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरके दगड टाकून त्याचा अष्टकोन करतात. मग दगडांचं वर्तुळ. मग प्रत्येक वरचा थर आधीच्या थरापेक्षा थोडा आत. असं करत करत तोंड लहान होतं आणि शेवटी एका दगडाने मिटतं. प्रत्येक दगडाचा थोडाच भाग आत अधांतरी असतो आणि बाकीची शेपटी मागे दाबलेली असते. शेपटीवरचं वजन हेच त्याचं कुलूप. खालून आपल्याला फुलासारखं उमललेलं छत दिसतं, पण ते सांभाळणारं सगळं वजन वर छपरात असतं, कुणालाही न दिसणारं.

असं देऊळ कसं पडतं हेही यावरूनच कळतं. पाहुणे घुमटाच्या खालच्या अंगाला तडा शोधतात, धोका असतो मात्र वरच्या अंगाला. छपरावरचे दगड हलले, कुणी उचलून नेले किंवा मुळांनी सरकवले, की खालच्या थराच्या शेपटीवरचा भार कमी होतो आणि तो आत झुकायला लागतो. पिंपळ, वड, उंबर ही सगळ्यात वाईट. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, सांध्यातल्या मातीत रुजतं. केसाइतकं मूळ दोन दगडांच्या मध्ये शिरतं आणि जाड होत जातं. दिसलं रोप की उपटलं, हे करू नये. रोप बोटभर असेल तर मूळ आत तुटून राहतं आणि पुन्हा फुटतं. मोठं असेल तर उपटताना दगडच जागचा हलतो. आधी खोड कापायचं, मग राहिलेल्या बुंध्यावर औषध लावून मूळ आतल्या आत मरू द्यायचं, ते पूर्ण वाळल्यावर निघेल तेवढंच काढायचं आणि पोकळी भरायची. हे काम पुरातत्त्व खात्याचं, कारण देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. पण हेच ज्ञान ज्या गावातलं जुनं देऊळ कुणाच्याच यादीत नाही तिथे फार उपयोगी पडतं.

पोकळी भरायची ती चुन्याने, सिमेंटने कधीही नाही. सिमेंट कडक असतं आणि पाणी बाहेर सोडत नाही. भिंतीत शिरलेलं पाणी मग सांध्यातून निघायचं सोडून दगडातून निघतं, येताना क्षार आणतं, क्षार दगडाच्या कातडीखाली साठतात आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो, झिजायचं तर तो झिजतो आणि दगड वाचतो. साधारण प्रमाण एक भाग भिजवलेला चुना, दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. विरवलेला चुना पाण्याखाली निदान दोन आठवडे ठेवावा, महिनाभर राहिला तर आणखी चांगला. ताज्या चुन्यातले न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि भरलेला सांधा उकलतो. बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, गूळ हे जुने गवंडी चिकटपणासाठी आणि घट्ट होण्यासाठी घालत, पण चुनाच नीट विरलेला नसेल तर त्यांचा काही उपयोग होत नाही.

अंबरनाथला पाण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो गाभाऱ्यामुळे. गाभारा मंडपाच्या जमिनीपेक्षा बराच खोल आहे, पायऱ्या उतरून पिंडीशी जावं लागतं. औंढा नागनाथलाही लिंग असंच जमिनीखाली आहे. भक्ताला उजेडातून अंधारात आणि वरून खाली नेणारी ही रचना मनावर जो परिणाम करते तो शब्दांत सांगता येत नाही. पण पाण्याला मात्र खोल जागा म्हणजे साठायची जागा. नेहमीच्या देवळात अभिषेकाचं पाणी पन्हळीतून भिंतीबाहेर पडतं, बऱ्याच ठिकाणी मकरमुखातून. गाभारा बाहेरच्या जमिनीखाली असेल तर ती सोय राहत नाही. पाणी जमिनीतूनच बाहेर काढावं लागतं आणि तो मार्ग बेलाची पानं, फुलं, तांदूळ यांनी तुंबला की पाणी पिंडीभोवती उभं राहतं.

त्यात वरून माथा उघडा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो कोकणात काही विशेष नाही, तर उघड्या जागेच्या दर चौरस मीटरमागे १०० लिटर पाणी आत येतं. आणि देवळाच्या कुशीला वालधुनी. हीच नदी पुढे उल्हासनगर, कल्याण करत उल्हास खाडीला मिळते. नदी भरली की जमिनीतलं पाणी चढतं आणि बाहेर जाणारं पाणी उलट दाबतं. पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी पाणी येतं. शिवाय ही वालधुनी आता ती जुनी नदी राहिलेली नाही. कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी तिच्यात आहे, आणि असं पाणी भिंतीच्या पायाला लागणं हे साध्या पुरापेक्षा वाईट. या नदीची स्वच्छता हा या देवळाच्या जतनाचाच भाग आहे, वेगळा विषय नाही.

भक्तांच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत पण खऱ्या आहेत. अभिषेक साध्या पाण्याने, एका तांब्याचा करावा. दूध, दही, मध, साखर यांतली चरबी आणि गोडवा दगडाच्या बारीक छिद्रांत बसतो, त्यावर बुरशी वाढते, मुंग्या येतात आणि मग कुणीतरी ते घासायला तारेचा ब्रश आणतं. तारेच्या ब्रशने एका दिवशी जे जातं ते नऊशे वर्षांच्या पावसाने गेलेलं नसतं. कापूर आणि तेलाचे दिवे कोरीव खांबांजवळ लावू नयेत. त्यांची काजळी तेलकट असते, तिच्यावर धूळ बसून काळा थर होतो आणि नक्षी बुजते. मूर्तीला शेंदूर, तेल, ऑइलपेंट अजिबात नको. नारळ फोडायला वेगळा दगड असतो तोच वापरावा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, श्रावणी सोमवारीही गर्दी असते. त्या दिवसांत या गोष्टी हजारोंच्या हातून होतात, म्हणून त्यांना महत्त्व.

लेख वाचायचा मोह झाला तर अक्षरांत खडू, पीठ किंवा राख भरू नये. फोटोत अक्षरं उठून दिसतात खरी, पण पांढरी भरलेली रेघ ही तुमच्या समजुतीची रेघ असते, मूळ छिन्नीची नाही. ७ चा ९ आणि ९ चा ७ असाच होतो. अभ्यासक ठसा घेतात तो असा : लेख स्वच्छ करून त्यावर ओला जाड कागद लावायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, अर्धवट वाळला की शाईच्या बोंड्याने वरून थापायचं. उंच भाग काळा होतो, खाच पांढरी राहते. पण संरक्षित वास्तूवर हे परवानगीशिवाय करता येत नाही. आपल्यासाठी त्याहून सोपं साधन म्हणजे एक टॉर्च. तो समोरून न मारता लेखाच्या कडेला, भिंतीला जवळजवळ समांतर धरायचा. उथळ अक्षरांच्याही सावल्या पडतात. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा खालून असे तीन फोटो घ्यावेत आणि तिन्हींत जी रेघ दिसेल तीच खरी धरावी.

या देवळाच्या नोंदीचा इतिहासही जुना आहे. १८६८ साली सरकारी हुकुमाने त्याची मोजमापं, आराखडे आणि कोरीव कामाचे साचे करण्यात आले. ते काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. त्यानंतर जे झिजलं, पडलं ते त्या चित्रांमुळे आज ताडून पाहता येतं. गावातल्या देवळाचे फोटो काढणाऱ्यांनीही म्हणूनच प्रत्येक बाजू समोरून, सरळ, एखादी मोजपट्टी शेजारी ठेवून काढावी आणि तारीख लिहावी. तिरपा, नाट्यमय फोटो सुंदर दिसतो, पण पन्नास वर्षांनी त्यावरून काहीच मोजता येत नाही.

जायला मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर अंबरनाथ स्टेशन, पूर्वेला उतरायचं. तिथून साधारण दोन किलोमीटर, रिक्षा मिळते. पाहायला दोन तास ठेवावेत, आणि उजेडाचा विचार करून जावं. दक्षिणेच्या भिंतीला मार्गशीर्ष-पौषात चांगलं ऊन मिळतं, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि दिवसभर सावल्या खोल पडतात. पश्चिमेचं मुख दुपारनंतर उजळतं. उत्तरेची भिंत वर्षाचा बराच काळ सावलीत राहते, ओल धरते, तिथे शेवाळही लवकर जमतं. अंबरनाथ साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य भर दुपारी उत्तरेकडे असतो तो फक्त मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्यातला जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचा काळ ढगांत जातो. म्हणजे उत्तरेच्या जंघेवरच्या मूर्तींवर भर दुपारचं, वरून खाली उतरणारं ऊन पाहायचं असेल तर मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा, साडेबारा-एकच्या सुमाराला. उकाडा असतो, फरशी तापलेली असते, पायात मोजे घालून फिरावं. आणि त्याच बाजूच्या दारातून आत गेलं की डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडं थांबावं, मग मागे वळून तुळईकडे पाहावं.